मिठाच्या पाण्याची नळी

सहा वर्षं दर मंगळवारी सकाळी साडेनऊला मी माझ्या वडिलांचा हात हातात घेत होते, आणि त्यासाठी आधी त्यांची सही लागत असे. कागदावर त्यांचं नाव नसे. 'दाता क्रमांक चार, पुरुष, वय अडुसष्ट' एवढंच. सही झाली की मी दंडाला पट्टा बांधायचे, "मूठ मिटा" म्हणायचे आणि कोपराच्या आतली ती ओळखीची शीर बोटाने चाचपायचे. पाच मिली रक्त, म्हणजे चहाचा एक चमचा. बाबा सुईकडे न बघता माझ्याकडे बघायचे आणि म्हणायचे, "ठमे, लहानपणी तुला सुई दिसली की शेजारची चार घरं गोळा व्हायची. आणि आता बघा, बापालाच टोचतेय."

"हलू नका," मी म्हणायचे. विनोद सहा वर्षांचा जुना होता, पण तो झाला नाही तर मंगळवार सुरू झाल्यासारखा वाटायचा नाही.

बाबांच्या रक्ताची आम्हाला गरज का पडायची, ते सांगते. मी ज्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे तिथे लोखंडाचे कण तयार होतात. इतके बारीक, की केसाच्या जाडीत काही हजार शेजारीशेजारी बसतील. बाटलीत बघाल तर नुसतं काळंतपकिरी पाणी दिसतं, पण बाहेरून चुंबक फिरवला की ते पाणी शहाण्या मुलासारखं त्याच्या मागोमाग जातं. पुढेमागे हे कण रुग्णाच्या शिरेतून सोडायचे, चुंबकाने गाठीपाशी धरून ठेवायचे आणि तिथल्या तिथे तापवून गाठ जाळायची, असा बेत आहे. बेत झकास आहे. पण शरीर म्हणजे काही धर्मशाळा नव्हे, की कोणीही यावं आणि पथारी पसरावी. उघडं लोखंड रक्तात गेलं तर काय धिंगाणा घालील सांगता येत नाही. म्हणून त्याला साखरेच्या जातीच्या एका पदार्थाचं वेष्टन चढवतात, आणि ते वेष्टन रक्ताला मानवतं की नाही हे बघणं माझं काम.

बघण्याची रीत सोपी आहे. रक्तातल्या तांबड्या पेशी वेगळ्या काढून तीनदा धुवायच्या आणि नळ्यांमध्ये घालायच्या. पहिल्या नळीत नुसतं मिठाचं पाणी, शरीराला चालेल एवढंच खारट. त्यात पेशी सुखाने राहतात. दुसऱ्या नळीत साधं पाणी. त्यात त्या फुगून फुटतात आणि पाणी लालभडक होतं. बाकीच्या नळ्यांमध्ये आमचे कण, कुठे कमी, कुठे जास्त. मग सगळ्या नळ्या तीन तास अंगाइतक्या उबेत ठेवायच्या, गरगर फिरवायच्या, चुंबक लावून कण बाजूला ओढायचे आणि वर राहिलेलं पाणी किती लाल झालंय ते यंत्राला विचारायचं. शंभरातल्या दोनपेक्षा कमी पेशी फुटल्या तर कण गुणी. पाचापेक्षा जास्त फुटल्या तर कणाने घरी जावं.

बाबा याच संस्थेत एकतीस वर्षं काच फुंकत होते. आमच्या कपाटांतली निम्मी जुनी भांडी त्यांच्या फुंकरीची आहेत. ते निवृत्त झाले आणि संस्थेने छापील यादीतून काच मागवायला सुरुवात केली, ते त्यांना कधीच मानवलं नाही. त्यामुळे रक्तदाते हवेत अशी पाटी लागली तेव्हा ते पहिल्या दिवशी हजर. त्यांचं रक्तही त्यांच्यासारखंच निघालं. आज जसं, तसंच सहा महिन्यांनी. आमचे सर तर म्हणायचे, "तुमच्या वडिलांचं रक्त म्हणजे आमची फूटपट्टी आहे." या फूटपट्टीच्या नादात आम्ही एक चूक केली. नियमाने तीन दात्यांचं रक्त वापरायला हवं. पण पहिला दाता गाव सोडून गेला, दुसऱ्याला मधुमेह निघाला, तिसरा सुई बघून भोवळ येऊन पडला, आणि आम्ही म्हटलं, चौथा आहे ना खंबीर. नव्यांना शोधायच्या भानगडीत कोणी पडलंच नाही.

मी सांगतेय ती गोष्ट घडली तेव्हा आईला जाऊन आठ महिने झाले होते. "माझ्याकडे राहायला चला," असं मी बाबांना म्हटलं होतं, आणि त्यांनी "माझ्या घरी मी बरा" म्हणून विषय मिटवला होता. तेव्हापासून मंगळवार हा एकच दिवस होता, ज्यासाठी ते दाढी करायचे. इस्त्रीचा शर्ट घालून तासभर आधी यायचे, दारावरच्या रखवालदाराशी गप्पा मारायचे, रक्त दिल्यावर आम्ही दिलेला सरबताचा पेला आणि दोन बिस्किटं घेऊन दाराजवळच्या स्टुलावर बसायचे. नळ्या फिरायच्या थांबेपर्यंत हलायचे नाहीत. हा मंगळवार त्यांच्याकडून काढून घ्यायची पाळी माझ्यावरच येईल, हे मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

"आज तुझं लोखंड कसं वागलं गं, मुंगे?" ते विचारायचे.

मुंगी म्हणजे आमच्याकडे पीएचडी करणारी मुलगी. चणीने एवढीशी, आणि हातात कायम स्वतःपेक्षा मोठं काहीतरी घेऊन पळत असते. नाव बाबांनीच ठेवलं आणि ते साऱ्या मजल्याला चिकटलं. साखरेचं ते वेष्टन तिचं. तीन वर्षं ती त्यापायी दिवस की रात्र बघत नव्हती.

"शहाण्यासारखं वागलं, आजोबा," ती म्हणायची.

मग ते शहाण्यासारखं वागेनासं झालं.

आधी एक पूर्णांक दोन यायचं, ते दोनच्या वर गेलं. तीन आठवड्यांनी साडेतीन. मुंगीने वेष्टन नव्याने केलं, साखर बदलली, भांडी आम्लाने धुतली, पाणी तीनदा गाळलं. चार आठवड्यांनी पाच पूर्णांक तीन. महिनाअखेरीला तज्ज्ञांची बैठक होती. कण पुढच्या पायरीवर न्यायचे की काम बंद करायचं, हे तिथे ठरणार होतं. सर खोलीत बसून उंटावरून शेळ्या हाकत होते, "वेष्टन पातळ झालं असेल, जाड करून बघा." मुंगी जाड करून बघत होती. एके दिवशी ती धुण्याच्या बेसिनपाशी पाठमोरी उभी राहून बराच वेळ नळ सोडून होती. मी जवळ गेले तेव्हा कळलं की बाई रडतायत.

मी तिला म्हटलं, "अगं, नळ तरी बंद कर. रडायला पाणी लागतं ते डोळ्यातलं."

ती हसली, पण आमचे आकडे काही हसले नाहीत. साप साप म्हणून आम्ही भुई धोपटत होतो, आणि साप भलतीकडेच होता.

तो सापडला यंत्राचा दिवा गेला म्हणून. मंगळवारचा दिवस, नळ्या फिरून तयार, आणि यंत्र उघडलं तर आत अंधार. नवा दिवा यायला दोन तास लागणार होते. मी नळ्यांचा स्टँड उचलला आणि खिडकीत पांढऱ्या कागदावर नेऊन ठेवला. एरवी या नळ्या मी डोळ्यांनी कधी बघतच नाही, यंत्र बघतं. त्या दिवशी दुसरं काही करण्यासारखं नव्हतं म्हणून बघितलं. दुसरी नळी लाल, ती लालच असायची. कणांच्या नळ्या कमीअधिक तांबूस. आणि पहिली नळी, मिठाच्या पाण्याची, जिच्यात आमचा एकही कण नव्हता आणि जी पाण्यासारखी स्वच्छ असायला हवी, ती गुलाबी होती.

मी चष्मा पुसला. तरी गुलाबीच.

मी संगणकावर मागचे आकडे उघडले. आमच्या हिशेबात पहिल्या नळीचा आकडा बाकी सगळ्या नळ्यांमधून वजा होतो. थोड्या पेशी धुताना हाताळूनच फुटतात, त्यांचा दोष कणावर नको म्हणून. तो रकाना मीच बनवला होता आणि वजाबाकी आपोआप व्हायची. त्यामुळे पहिल्या नळीत मुळात काय आहे, हे कोणी बघायचंच नाही. मी बघितलं. पाच वर्षं एक सरळ रेघ. आणि गेल्या चार महिन्यांत दर मंगळवारी थोडी वर, थोडी वर, तिपटीच्या पुढे.

कण काही करत नव्हता. ज्या पेशी नुसत्या मिठाच्या पाण्यातही तग धरत नव्हत्या, त्यांना कणाचा धक्का जरा जास्त लागत होता एवढंच. रक्तच कमकुवत झालं होतं. काखेत कळसा होता, आणि आम्ही तीन महिने मुंगीच्या साखरेला बोल लावत होतो.

"मुंगे, सुई घे आणि माझं रक्त काढ," मी म्हटलं.

"तुमचं? का हो ताई?"

"काढ म्हणते ना!"

माझ्या रक्तावर, त्याच बाटलीतल्या कणांनी, एक पूर्णांक एक. मुंगीने आनंदाने उडी मारली, मला मिठी मारली, आणि मिठीतच थांबली. "म्हणजे आजोबांचं..." ती म्हणाली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. आठ महिने मी समोर बसून त्यांना विचारत होते, "जेवणखाण नीट चाललंय ना?" आणि ते म्हणत होते, "चाललंय की. एकटा माणूस काय उपाशी राहतो?" मला ते पटत होतं, कारण पटवून घेणं सोयीचं होतं. ते जे लपवत होते ते त्यांचं रक्त मला दर आठवड्याला सांगत होतं, आणि मी दर आठवड्याला ते वजा करत होते.

रस्त्यापलीकडच्या इस्पितळात रक्त तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई माझ्या ओळखीच्या आहेत. बाबांना फोन करून विचारलं, आणि ते "तपासा की, माझं काय जातंय" म्हणाल्यावर मी रक्त घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी काच सूक्ष्मदर्शकाखाली धरली आणि मान न उचलता विचारलं, "हे गृहस्थ जेवतात काय?"

"का?"

"पेशी फुगीर आहेत, संख्येने कमी आहेत, नाजूक आहेत. पालेभाज्या, डाळी, असलं काही पोटात न गेलेल्या माणसाचं रक्त असं दिसतं. बायको गेलेले म्हातारे येतात माझ्याकडे असे. चहा आणि टोस्ट, टोस्ट आणि चहा."

"आम्ही दर आठवड्याला रक्त काढतो, त्यामुळे तर नाही ना?" मी विचारलं. माझी पाचावर धारण बसली होती.

"चमचाभर रक्ताने माणूस वाळत नाही हो. ताटावरून उठल्याने वाळतो." बाईंनी आणखी दोन तपासण्या केल्या, काही मोठं दुखणं नाही याची खात्री करून घेतली आणि गोळ्या लिहून दिल्या. रोज एक, चार महिने. दर आठवड्याला रक्त दाखवा म्हणाल्या, दहा दिवसांत फरक दिसेल.

गुरुवारी बाबांना बोलावून घेतलं. मंगळवार नसूनही ते दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून आले. मी सगळं सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते, जणू काही दुसऱ्याच कोणाबद्दल चाललंय.

"म्हणजे मी नापास," ते शेवटी म्हणाले.

"नापास कसले? चार महिने गोळ्या घ्या, नीट जेवा, मग बघू."

"आणि तोपर्यंत मुंगीला रक्त कोणाचं?"

"माझं चालतं. आणखी दोघं शोधतोय."

ते स्टुलावर बसले होते, तिथेच जरा खाली वाकले. मुंगीला ते बघवलं नाही. ती त्यांच्यासमोर उकिडवी बसली. "आजोबा, खरं सांगू? तुमच्या या रक्तानेच मला सगळ्यात मोठी गोष्ट शिकवली. हे औषध जाणार आजाऱ्यांच्या अंगात. त्यांचं रक्त काय धडधाकट असतं का? आणि आम्ही सहा वर्षं तुमच्यासारख्या पैलवानाच्या रक्तावर तपासत बसलो. आता नाजूक रक्तावरही तपासायलाच हवं. इस्पितळाकडून तसं रक्त मिळेल, पण परवानगीला तीन महिने लागतात. माझी बैठक तर महिनाअखेरीला आहे. तुमचे आकडे हाताशी आहेत म्हणून निदान काहीतरी दाखवता येईल."

मुलीने बिचारीने धीर द्यायला म्हणून सांगितलं. बाबांनी त्यातून काय उचललं हे आम्हा दोघींना कळलं नाही. ते एकदम ताठ बसले, गोळ्यांची पिशवी खिशात घातली आणि म्हणाले, "बरं. येतो मंगळवारी."

मंगळवारी आले. मी तपासणीपुरतं रक्त घेतलं, थोडं डॉक्टरीणबाईंना पाठवलं आणि थोडं, सवयीने म्हणा किंवा भीतीने म्हणा, मिठाच्या पाण्यात घातलं. गुलाबी. एका आठवड्यात काय होणार, असं मी स्वतःला समजावलं. त्यांनी जाताना मुंगीला विचारलं, "माझं आजचं रक्त उपयोगी पडेल ना गं?" ती "हो" म्हणाली. पुढच्या मंगळवारी नळी पुन्हा गुलाबी, उलट जरा जास्तच. दुपारी डॉक्टरीणबाईंचा फोन आला.

"तुमचे वडील गोळ्या घेत नाहीयेत," त्या म्हणाल्या. "घेत असते तर आतापर्यंत नव्या पेशींची रांग लागली असती. इथे एक नाही."

मी सरांना विचारलंही नाही. पर्स उचलली आणि निघाले.

बाबांचं घर म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. आई गेल्यानंतरच्या आठवड्यात मी तिथे एकदा गेले होते. स्वयंपाकघराच्या दारामागे खुंटीला तिचा एप्रन लटकत होता, खिशात हात पुसायचं फडकं, आणि ते बघून मी चपला न काढताच परत फिरले होते. त्यानंतर आठ महिने मी त्या जिन्याची पायरी चढले नव्हते.

बाबांनी दार उघडलं. "तू? आज काय, चूल पेटली नाही वाटतं तुझ्याकडे?"

"गोळ्या कुठायत?"

"कसल्या?"

"बाबा!"

ते ताकास तूर लागू देणारे नव्हेत, पण मी त्यांचीच मुलगी. सरळ स्वयंपाकघरात गेले आणि खण उघडत सुटले. एका खणात चमचे, एकात काड्यापेट्या, एकात बिस्किटांचे सोळा पुडे एकावर एक, आणि शेवटच्यात गोळ्या. एकही फोडलेली नव्हती. भाजीची टोपली रिकामी होती, इतकी कोरडी की तिच्यात कधी भाजी होती असं वाटत नव्हतं.

मी भडकले. "हे काय आहे? मी तुमच्यासाठी इस्पितळाच्या पायऱ्या झिजवते, आणि तुम्ही गोळ्या लपवून ठेवता? शाळकरी पोर आहात का?"

"ओरडू नको. खालचे झोपले असतील."

"दुपारचे तीन वाजलेत!"

बाबा खुर्चीवर बसले. टेबलावर कपाचा ओला गोल उमटला होता, तो अंगठ्याने पुसत म्हणाले, "त्या पोरीची बैठक झाली की घेईन. आठ-दहा दिवसांचा तर प्रश्न आहे."

मला क्षणभर समजलंच नाही. "कसला प्रश्न?"

"तिला असलं रक्त लागतंय ना. नाजूक. तीच म्हणाली, इस्पितळातलं यायला तीन महिने आहेत. गोळ्या घेतल्या की माझं सुधारणार. मग तिने दाखवायचं काय? तीन वर्षं राबलीय बिचारी."

मी मटकन समोरच्या खुर्चीत बसले. रागवायचं की रडायचं ते ठरेना, म्हणून आधी रागावलेच. "अहो, ठरवून उपाशी राहिलेल्या माणसाचं रक्त बैठकीत दाखवायचं? कमिटीला कळलं तर सगळं काम कचऱ्यात टाकतील. आणि मुंगीला कळलं ना, तर ती स्वतःच्या हाताने ते आकडे पुसून टाकेल. हा असला उपकार तिच्यावर करू नका. तिच्या औषधाने कोणी आजारी पडू नये म्हणून ती तीन वर्षं राबली, आणि तुम्ही तिच्यासाठीच आजारी पडून बसलाय!"

हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. चेहरा पडला त्यांचा. आपलं काही चुकलं म्हणून नव्हे. आता हेही रक्त नको, म्हणून.

"चांगलं रक्त कोणीही देईल, ठमे," ते म्हणाले. "तुझंच चालतं आता. काच तर बाहेरून येतेच. तुझ्या आईला दोन वेळचं लागायचं, म्हणून मी भाजी आणायचो. आता आणून कोणासाठी? ते रक्त बिघडलं आणि मला वाटलं, चला, बिघडल्यावर तरी कोणाला तरी आपलं काही लागतंय."

माझ्या तोंडात मारल्यासारखं झालं. मला वाटत होतं, बाबांना एकटेपणाची सवय झाली. मंगळवारी हसतात, विनोद करतात, म्हणजे बरं चाललंय. एका सकाळीपुरतं कोणालाही हसता येतं, ते मी मोजलंच नव्हतं.

"बाबा, ऐका," मी म्हटलं, आणि मग बोलायचं मनात नव्हतं ते सगळं बाहेर आलं. "मी इथे येत नव्हते ते कामामुळे नाही. मला हे स्वयंपाकघर बघवत नव्हतं. तुम्ही 'माझ्या घरी मी बरा' म्हणालात ना, तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. मंगळवारी तुम्ही तिकडे येता, सुई असते, नळ्या असतात, काम असतं, आईचं नाव काढावं लागत नाही. मला ते बरं पडत होतं. म्हणून मी विचारायचे, जेवता ना, आणि तुम्ही हो म्हणालात की पुढचं काही विचारायचे नाही. तुमच्या रक्ताचं मला काही नाही. मला तुम्ही हवे आहात. आई गेलीय, आता तुम्ही असे वाळत गेलात तर मी काय करू?"

शेवटच्या वाक्याला माझा आवाज असा चिरकला की मलाच लाज वाटली. बाबांनी खिशातला रुमाल काढला, उलटसुलट बघितला आणि जरा स्वच्छ बाजू वर करून माझ्यापुढे सरकवला.

"एप्रन मी पण काढला नाही," ते म्हणाले. "हात लावला की वाटतं, ती बाहेरून येईल आणि म्हणेल, कुठे ठेवलात?"

आम्ही दोघं त्या एप्रनकडे बघत बसलो. निळ्या रंगाचा, उजव्या बाजूला हळदीचा डाग. तिथून हलावंसं वाटेना. आईबद्दल आम्ही एकमेकांशी आठ महिन्यांत एक वाक्य बोललो नव्हतो, ते आता सुरू झालं. ती मीठ घालायला विसरायची आणि दोष मिठाला द्यायची. बाबांनी फुंकलेल्या पहिल्या चंबूत तिने फुलं लावली होती आणि चंबू कलंडला तेव्हा म्हणाली होती, "बुडाने गोल असलेल्यावर विश्वास ठेवू नये." बाबा सांगता सांगता हसत होते आणि रुमाल माझ्याकडे असल्यामुळे डोळे बाहीने पुसत होते.

मी उठले, पेल्यात पाणी घेतलं, गोळी फोडली आणि दोन्ही त्यांच्यापुढे ठेवलं.

ते गोळी तळहातावर घेऊन बघत राहिले. "घेतली की मी बरा होणार."

"होणारच."

"मग तपासणी संपली. मंगळवार संपला." ते हे अगदी साधेपणाने म्हणाले, पण नजर गोळीवरून उचलली नाही.

"मंगळवारी मी येईन," मी म्हटलं.

"सुई घेऊन?"

"नाही. नुसती."

"नुसती येऊन करशील काय?"

"भाजी आणू. चिरू. बसू."

"किती वेळ?"

"तुम्ही जा म्हणेपर्यंत."

"मी कशाला म्हणतोय जा," बाबा म्हणाले, आणि त्यांनी गोळी तोंडात टाकली.